चौथ्या खांबाखालची माती

नव्या येळंबवाडीत म्हातारी माणसं जिवंतपणीच आपला खड्डा खोदून ठेवतात. ऐकणाऱ्याला हे अभद्र वाटेल, वाटू द्या. त्यानं एकदा त्या माळावर येऊन पहार मारून पाहावी. जुनं गाव खाली कारंजा नदीच्या काठी काळ्या रानात होतं, तिथं खड्डा म्हणजे सकाळचं काम. धरण झालं, गाव उठलं आणि सगळ्यांना वर जांभ्याच्या माळावर आणून बसवलं. हा तांबडा दगड दिसायला गरीब, पण पहार मारली की ठिणगी उडते आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. गावातली बहुतेक घरं लिंगायतांची. त्यांच्यात मयत जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, विभूती आणि मीठ घालतात आणि माती लोटतात. खड्डा लागतो त्या माणसाच्या स्वतःच्या पावलानं, टाचेला अंगठा लावून मोजलेला, नऊ पावलं लांब आणि पुरुषभर खोल. जांभ्यात तेवढं खोदायला दोन माणसांना आठ-दहा दिवस, आणि मयत काही तेवढी वाट पाहत बसत नाही. म्हणून साठी उलटली की माणूस उन्हाळ्यात आपली पावलं मोजतो, खड्डा पाडून घेतो, त्यात चाळलेली मऊ माती भरतो आणि वर फरशी ठेवतो. वेळ आली की फरशी सारायची, माती उपसायची, झालं. खड्डा तयार झाला की शेजारीपाजारी बघायला येतात, आत उतरून बसून पाहतात आणि चेष्टाही करतात, "काय अप्पा, वास्तुशांत कवा?"

हावगेप्पाचा खड्डा मात्र गावाच्या मसणवटीत नव्हता. तो पार कड्याच्या टोकाला, गायरानात होता, आणि एकटा नव्हता, जोडीचा होता. याला कारण त्याची बायको निलम्मा.

निलम्मा हळ्ळीखेडची, कानडी बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासूनं तिला जवळ बसवून बोलायला शिकवलं, आणि दोघींचं असं जमलं की हावगेप्पाला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटायचं. सासू गेली, तिला शेतातच बसवलं. दोन वर्षांनी त्या शेतावर धरणाचं पाणी आलं. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की निलम्मा खाली उतरायची आणि गाळात सासूच्या समाधीचा ओटा शोधायची. एका वर्षी सापडला. ओट्याला कोळ्यांचं फाटकं जाळं अडकलं होतं आणि जाळ्यात मेलेले मासे. घरी येऊन ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "मला असं पाण्यात ठेवू नगा. वर ठेवा. पाणी माझ्यापतूर येऊ देऊ नगा."

मूलबाळ नव्हतं, पैका नव्हता, धड बोलायची सवयही नव्हती. हावगेप्पानं जन्मभरात बायकोला फारसं काही दिलं नाही. हा एक शब्द तेवढा दिला. गावाची मसणवट उताराला, पावसाळ्यात तिथं पाणी तुंबायचं. म्हणून एका उन्हाळ्यात त्यानं कड्यावर, जिथून अख्खी दरी खाली दिसते तिथं, दोन खड्डे पाडले. मधे हातभर दगडाची भिंत ठेवली. निलम्मा रोज भाकरी घेऊन यायची. आपला खड्डा झाला तेव्हा आत उतरून मांडी घालून बसली आणि वर बघून म्हणाली, "ऐसपैस हाय की." दोन वर्षांनी ती खरोखरीच तिथं जाऊन बसली. शेजारच्या खड्ड्यात हावगेप्पाची मऊ माती फरशीखाली वाट पाहत राहिली. जागा सरकारी, त्यामुळे ओटा बांधायची सोय नव्हती. आणि सांगायचं कुणाला? तिला रातोरात वर नेणाऱ्या गावातल्या चार म्हाताऱ्यांना तेवढं ठाऊक होतं, आणि पुढच्या काही वर्षांत ते चौघंही आपापल्या जागी जाऊन बसले.

मग साहेबलोकांना कडा दिसला. जीप आल्या, मोजमाप झालं, आणि कानडीत व इंग्रजीत पाटी लागली. इथं पॉईंट होणार, कठडा होणार, बसायला मंटप होणार. हैदराबादची पोरं तर आधीपासूनच रविवारी पाठीला पिशव्या नि हातात काठ्या घेऊन पाण्याच्या कडेनं चढून वर यायची आणि खालच्या निळ्या पाण्याचे फोटो काढायची. देखावा सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय? पण ज्यांची घरं त्या पाण्यात बसलीत त्यांची जीभ सुंदर म्हणायला रेटत नाही.

मोजणीवाले येणार हे कळल्यावर हावगेप्पानं आदल्या दिवशी दोन्ही फरश्या काढून लांब टाकल्या होत्या. सरकारी जागेत मयत बसवलंय हे कळलं तर निलम्माला उठवतील, एवढी एकच भीती त्याच्या डोक्यात होती. मग त्यानं हातापाया पडून तिथली राखणदारी मिळवली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला पगाराची हाव सुटली. निलम्माच्या डोक्यावर त्यानं दगडांचं आळं करून सदाफुली लावली आणि आळ्यात पाय ठेवणाऱ्याला शिव्या द्यायला सुरुवात केली.

मंटपाचं काम गवंडी संघपालकडं होतं. गावच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी त्याचं दोन एकर रान होतं. हाताचा पक्का, मोजून मापून काम करणारा बौद्ध घरातला माणूस. मंटपाला चार खांब. पहिल्या तीन खांबांच्या खड्ड्यांनी संघपालच्या माणसांचे बारा दिवस खाल्ले. चौथ्या खांबाची खूण पडली ती नेमकी हावगेप्पाच्या खड्ड्यावर. सदाफुलीच्या आळ्यापासून दीड हातावर. खोरं लावलं आणि माती लोण्यासारखी आली. संघपाल थांबला. त्यानं माती मुठीत घेऊन चुरली आणि हाक मारली.

"अप्पा, हितं माती कामून मऊ लागायलीय? बाकीच्या तिघांनी जीव काढला माझा."

हावगेप्पा आळ्याला पाणी घालत होता. खरं सांगितलं असतं तर खांब चार हात सरकला असता, बस्स. पण त्याच्या मनानं पुढची वाट धरली: हा खड्डा कुणाचा, मग शेजारी काय, ही फुलं इथंच का, आणि संध्याकाळच्या आत निलम्मा बाहेर.

"जुनं वारूळ व्हतं तिथं," तो म्हणाला. "मीच खणून काढलं. पोरं सापाला भियाची."

"खोल हाय का?"

"न्हाई रे. हात-दोन हात. खाली दगडच हाय."

संघपालला शंका राहिली होती, असं तो पुढे स्वतःच म्हणाला. पण सत्तरीला टेकलेला माणूस, कपाळाला तीन पट्टे विभूती, निम्मा जन्म त्या माळावर गेलेला. त्याच्या शब्दावर पहार घालून बघायची म्हणजे त्याला खोटं पाडणं. ठेकेदार उभाच होता. तो म्हणाला, "मऊ लागलं तर देव पावला म्हण. भर आता." दुपारपर्यंत चौथा खड्डा तयार झाला आणि दिवस मावळायच्या आत त्यात काँक्रीट पडलं.

दगडात कोरलेल्या खड्ड्यात पाणी शिरलं की ते कुठं जात नाही, हौदात राहावं तसं राहतं. हे हावगेप्पाला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चौथ्या खांबाच्या माथ्याला बोटभर फट पडली. त्यानं ती पाहिली. गावात कुणाचं तरी घर चाललं होतं, तिथून वाटीभर सिमेंट मागून आणलं, फट बुजवली आणि वरून चुना फासला. त्या दिवशी घरी जाताना आपण काहीतरी वाईट केलंय हे त्याला कळत होतं. पण कळणं आणि बोलणं यात फार अंतर असतं, आणि हावगेप्पा मुळातच कमी बोलणारा.

गेल्या साली परतीचा पाऊस आठ दिवस लागून राहिला. रविवारी दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून कलबुर्गीच्या कॉलेजच्या पाच पोरी कड्यावर आल्या. पाऊण तासात पुन्हा पावसानं झोडपायला सुरुवात केली. पोरी कठड्यापाशी ओरडत, हसत भिजत होत्या. हावगेप्पा पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन झाडाखाली उभा होता. त्यानंच हाक मारली, "आत जावा गं पोरींनो, तापानं मराल! मंटपात जावा!"

पोरी मंटपात गेल्या. चौघी मधे उभ्या राहिल्या. पाचवी, शैलश्री नावाची, चौथ्या खांबाजवळच्या बाकावर बसून ओढणी पिळत होती. खांब पडला नाही. तो आधी खाली गेला. मांडीइतका खाली गेला, आणि मग वरचा स्लॅब त्याच्या मागोमाग आला. चौघी खरचटून, हातपाय मोडून बाहेर निघाल्या. शैलश्रीला काढायला जेसीबी यावा लागला, आणि तो येईपर्यंत हावगेप्पा स्लॅबच्या कडेला नखं लावून बसला होता. आतून आवाज येत नव्हता. पहिल्यापासूनच आला नव्हता.

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. ठेकेदारानं कागद पुढं केले: माप बरोबर, सिमेंट बरोबर, गवंड्यानं पाया खोल घेतला नाही. आठव्या दिवशी संघपालला उचललं. त्यानं सांगितलं, माती मऊ होती, मी राखणदाराला विचारलं, तो वारूळ म्हणाला. फौजदारानं हावगेप्पाला बोलावलं. हावगेप्पा भिंतीकडं बघत म्हणाला, "मला आठवत न्हाई साहेब."

एवढ्या एका वाक्यानं संघपालचा जामीन अडकला.

संघपालची बायको पंचशीला दुसऱ्याच दिवशी हावगेप्पाच्या दारात आली. ती अंगणवाडीत मदतनीस होती, मोजकं बोलणारी. "अप्पा, तुमी तिथं व्हता. तुमाला इचारलं व्हतं त्यांनी. एवढंच सांगा की इचारलं व्हतं म्हनून." हावगेप्पा म्हणाला, वय झालंय, ध्यानात राहत न्हाई. चार दिवसांनी ती पुन्हा आली, त्या वेळी वकिलाला घेऊन. हावगेप्पानं दार लावून घेतलं आणि आत निलम्माच्या रिकाम्या जागेकडं बघत बसला. तो स्वतःची समजूत घालत होता. पोरगी तर गेली, ती काही परत येत नाही. संघपाल तरुण आहे, सुटेल आज ना उद्या. निलम्माला मात्र एकदा उठवलं की तिला दुसरी जागा नाही. हा हिशेब त्यानं शंभर वेळा केला आणि दर वेळी तो त्याला पटला. आणि तरी तो पुन्हा पहिल्यापासून मांडायला घ्यायचा.

तिसऱ्या खेपेला पंचशीला एकटी आली आणि काहीच मागितलं नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "काल भेटून आले त्यांना. मी तुमच्या नावानं शिव्या घातल्या तर माझ्यावरच खेकसले. म्हनले, अप्पा खोटं बोलणारा माणूस न्हाई, वारूळच असंल. माझंच चुकलं, मी पहार घालून बघायला पायजे व्हतं. पोरगी माझ्या हातानं मेली म्हनायलेत, अप्पा. जेवण सोडलंय." एवढं सांगून ती जायला वळली.

"थांब," हावगेप्पा म्हणाला. "चप्पल घालतो."

फौजदारासमोर त्यानं सगळं सांगितलं. खड्डा, फरश्या, वारूळ, वाटीभर सिमेंट, सगळं. आधी कुणाला खरं वाटेना. म्हातारा दया येऊन गवंड्याचं पाप अंगावर घेतोय असंच वाटलं. "तिथं मयताचा खड्डा व्हता कशावरनं?" फौजदारानं विचारलं. हावगेप्पाला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं.

"शेजारी त्याचा जोडीदार हाय," तो म्हणाला. "उघडून बघा. तसाच, त्याच बनावटीचा. आत माझी बायकू बसलीय."

पंचनाम्याचा दिवस ठरला. तोवर संघपालला जामीन मिळाला होता. त्यालाही जागेवर बोलावलं. शैलश्रीचे वडील चन्नवीर, कलबुर्गीतले शाळामास्तर, तेही आले. गावातलं कुणी पुढं होईना. लिंगायताची समाधी उघडायला कोण हात लावणार? शेवटी हावगेप्पानंच सदाफुली उपटली आणि खोरं घेतलं. मऊ माती, भराभर निघाली. कमरेएवढा गेल्यावर त्यानं खोरं टाकलं आणि हातांनी माती काढू लागला. निलम्मा बसली होती त्याच जागी होती, जरा डावीकडं कललेली. डाव्या हाताच्या हाडांत लिंग होतं. हावगेप्पा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि मोठ्यानं रडला. आठ वर्षांपूर्वी ती गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. इंजिनिअरनं नाकाला रुमाल लावून दोन्ही खड्ड्यांची मापं घेतली. लांबी तेवढी त्याच्या नि तिच्या पावलाच्या फरकानं कमीजास्त भरली. खोली सारखी, मधली भिंत हातभर. चौथ्या खांबाचा पाया कसा खचला हे कागदावर आलं.

चन्नवीर खड्ड्याच्या काठावर आले. त्यांनी वाकून ती हाडं पाहिली. मग कुणावर न ओरडता म्हणाले, "तुमच्या बायकोला कुणी हलवू नये म्हणून माझी पोर गेली."

"व्हय," हावगेप्पा म्हणाला.

चन्नवीरांना आणखी काही ऐकायचं होतं की काय कोण जाणे. ते गाडीकडं निघून गेले.

साहेबांनी सांगितलं, तुझ्यावर गुन्हा होईल तो होईल. ही हाडं आजच्या आज इथून हलव, जागा सील करायचीय. हावगेप्पानं आपलं धोतर फाडून गाठोडं बांधलं आणि गावात आला. मसणवटीत सात-आठ खड्डे तयार होते, पण प्रत्येकाचा आपापल्या मापाचा नि आपापल्या नावाचा. तो कुणी दुसऱ्याला देत नाही. शिवाय ज्यानं बायकोला उठवलं नि गावात पोलीस आणले, त्याच्याशी बोलायलाही कुणी तयार नव्हतं. नवा पाडायचा तर दहा दिवस. तो मारुतीच्या पारावर गाठोडं मांडीवर घेऊन बसला. लोक दारं लोटून घेत होते.

उन्हं कलली तेव्हा पंचशीला आली. "चला," म्हणाली. "आमच्या रानात काळी माती हाय. ते खोदायलेत."

नाल्याकाठी संघपाल गुडघाभर खड्ड्यात उभा होता. तुरुंगात तो निम्मा झाला होता. हावगेप्पा आला तरी त्यानं मान वर केली नाही. "तुमच्यासाठी न्हाई करायलो," तो म्हणाला. "मयत असं पारावर ठेवू नये म्हनून करायलो." हावगेप्पानं दुसरं खोरं उचललं. निलम्माच्या पावलाचं माप त्याला पाठ होतं. त्यानं बोटांनी मातीवर नऊ वेळा मोजून खूण केली. दोघं शेजारी शेजारी खणत राहिले. काळं रान, तासा-दीड तासात काम झालं. तळाला माती ओली लागली, हाताला चिकटू लागली. हावगेप्पानं ती चिमटीत घेऊन पाहिली. मग खाली नाल्याकडं आणि त्याच्या पलीकडं पसरलेल्या धरणाच्या पाण्याकडं पाहिलं.

"हितवर पाणी येतं का रे?"

संघपालनं खोरं टेकवलं. नाही म्हणाला असता तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

"येतं," तो म्हणाला. "धरण भरलं की येतं. दर साली न्हाई."

हावगेप्पानं मान हलवली, गाठोडं उचललं आणि खड्ड्यात उतरला.